ऐकणारी

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास आमच्या कार्यालयातल्या संगणकातून माझ्या आईचा आवाज आला. ती गात होती. आईची वाचा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

यंदाचा, म्हणजे २००९ सालचा, फेब्रुवारी महिना. धामणकर नाक्याजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर आमच्या दैनिकाचं भिवंडी कार्यालय आहे. खाली कापडाचं दुकान, मागे लूमचा कारखाना. लूम चालू असले की टेबलावरच्या कपात चहा थरथरतो. मी तिथे उपसंपादक. पालिका, पोलीस ठाणी आणि अपघात ही माझी रोजची कामं. या वर्षी त्यांत ‘वेचक’ नावाच्या चौकटीची भर पडली होती. ठाणे जिल्ह्याबद्दल इंटरनेटवर जे नवं येतं, त्यातलं वाचकांना सांगण्यासारखं निवडायचं आणि चार ओळींत छापायचं.

त्यासाठी ऑर्कुटवर मी एक कम्युनिटी चालवत होतो. लोक तिथे लिंक टाकत. कोणी हळदीतल्या बँजोचा व्हिडिओ, कोणी खाडीतल्या गाळात रुतलेल्या होडीचा फोटो, कोणी आपल्याच बैलाचा. मी प्रत्येक लिंक उघडायचो आणि तीन गोष्टी विचारायचो. कोणी टाकलं, कुठलं आहे, कधीचं आहे. उत्तर आलं नाही की लिंक बाद.

“कुणालशेठ, तुमी नेटवर पन पंचनामा करता,” आमची पानं लावणारा रामनाथ म्हणायचा. “लोक मजा बगायला येतात ओ तिथं.”

त्या मंगळवारची लिंक ‘ऐकणारी’ नावाच्या खात्यावरून आली होती. खात्याला फोटो नव्हता, मित्र नव्हते, गावाच्या रकान्यात फक्त भिवंडी. लिंक उघडली तर व्हिडिओत चित्रच नव्हतं, काळा पडदा. आवाज मात्र स्वच्छ. आधी भांड्यांचा, मग लहान मुलांचा, मग खुर्च्या सरकवल्याचा. मग आई गायला लागली.

रामनाथने मान वर केली. तो आमच्या घरी जेवून गेलेला माणूस. “ही तर काकी,” तो म्हणाला.

माझी आई, धोंडूबाई, धवलारीण होती, लग्नविधींची गाणी म्हणजे धवला गाणारी. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजीइतकाच मान धवलारणीला असतो. मांडव उभारण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला लागतो, आणि त्यात नवरा-नवरीची, आईबापाची, भावाबहिणीची नावं गुंफून म्हणायची असतात. आमच्या केवणी गावात आणि आजूबाजूच्या गावांत आईने किती लग्नं लावली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मांडव नसताना धवला तोंडातून काढायचा नाही, असा तिचा नियम होता. घरात गुणगुणायचीसुद्धा नाही. मांडवात कोणी टेपरेकॉर्डर आणला तर ती गाणं थांबवून तो बाहेर ठेवायला लावायची.

त्यामुळे अर्धांगाच्या झटक्याने तिचा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली, तेव्हा तिचा धवलाही गेला. डॉक्टर झाले, फिजिओथेरपी झाली, लोकांच्या सांगण्यावरून अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडाला नेणं झालं. पायात थोडी ताकद आली. शब्द आला नाही. बोलायला गेली की ओठ हलायचे आणि एका बाजूने नुसती हवा सुटायची.

२००८च्या दिवाळीत माझी धाकटी बहीण विनिता हिचं लग्न ठरलं. मुलगा अंबाडीचा, नाव सार्थक, बाजारात हार्डवेअरचं दुकान. सगळं चांगलं होतं. फक्त विनिताने स्पष्ट सांगितलं होतं की आईचा धवला नसेल तर हळद नाही, मांडव नाही, ठाण्याला जाऊन सही करून मोकळी होईन. आईच्या समोरच म्हणाली. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

ती लिंक मी ‘वेचक’मध्ये घेतली नाही. बादही केली नाही. असं मी पहिल्यांदाच केलं. आवाज मोबाईलच्या मेमरी कार्डावर घेतला आणि घरी गेलो.

आई ओटीवर खुर्चीत बसली होती. विनिता तांदूळ निवडत होती. मी काही न सांगता फोनवर ते गाणं लावलं. विनिताच्या हातातलं सूप कललं आणि तांदूळ लादीवर पसरले. आईने डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि बोटांनी ताल धरला. ती रडली नाही, दचकलीही नाही. एका ओळीनंतर मधे बराच वेळ कोणी गात नव्हतं, तेव्हा तिने मान वळवून उजवीकडे पाहिलं, कोणाची तरी वाट बघावी तसं.

“कुठं मिळालं तुला हे?” विनिताने विचारलं.

“कोणीतरी टाकलंय. जुनं रेकॉर्डिंग असणार.”

“दादा, नीट ऐक ना.”

मी ऐकलं. आवाजाच्या धक्क्यात शब्दांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

*विनिता नवरी बसली पाटावरी,*
*भाऊ कुणाल उभा मांडवदारी.*

आणि पुढच्या कडव्यात अंबाडी गाव आणि सार्थक हे नाव.

सार्थकचं स्थळ आलं तेव्हा आईची वाचा जाऊन वर्ष उलटलं होतं.

माझ्या धंद्यात माणूस अशा वेळी आधी लबाडी शोधतो. मीही शोधली. कोणी चोरून केलेल्या जुन्या कॅसेटचे तुकडे जोडून हे बनवलं असेल का, म्हणून रामनाथच्या ओळखीच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत ऐकवलं. तिथला माणूस म्हणाला, जोड नाही. ‘ऐकणारी’ला मी निरोप पाठवला, आपलं नाव कळवा, रेकॉर्डिंग कधीचं ते कळवा. उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी दुसरी लिंक आली, मांडवाच्या धवल्याची. मग नवरीला तेल लावतात त्या तेलवणाची. विधी जसे होतात त्याच क्रमाने.

चंद्राकाकीला बोलावणं विनिताला सुचलं. चंद्राकाकी आईची जोडीदारीण. धवलारणी दोघी मिळून गातात. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. तीस वर्षं आई टाकत आली आणि काकी उचलत आली, त्यामुळे काकीला फक्त तिच्या ओळी येत. आई बंद पडली तशी तीही बंद पडली होती. दुसऱ्या कोणाबरोबर तिचं जमलं नाही.

ती पदर खोचून आली, आईच्या उजव्या हाताला बसली, आणि फोनकडे संशयाने बघत म्हणाली, “लाव तुजा डबा.”

ऐकताना तिचा चेहरा उतरत गेला.

“बाला, आयशीचाच आवाज हाय तुजे. पन मधी मधी गप का ऱ्हाते ती?”

मग तिलाच उमगलं. तिने आईच्या मांडीवर हात ठेवला.

“धोंडू,” ती म्हणाली, “ती माजी जागा हाय.”

पुढची ओळ संपली आणि पुन्हा ती रिकामी जागा आली, तेव्हा काकीने तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. मांडव नव्हता. आईने डाव्या हाताने वर छताकडे खूण केली. मला कळेना. विनिताला कळलं. तिने परसातून चार बांबू आणवले, अंगणात रोवले, वर आंब्याचे टाळे टाकले. त्या चार बांबूंखाली आईची खुर्ची नेली आणि काकी गायली. फोनमधून आई ओळ टाकत होती आणि काकी उचलत होती. रिकाम्या जागा काकीच्या ओळींना बरोबर पुरत होत्या. एक मात्रा जास्त नाही, कमी नाही.

त्या संध्याकाळी आमच्या घरात दीड वर्षानंतर मासळीचं कालवण नीट शिजलं, असं विनिता म्हणते. मला एवढं आठवतं की आई जेवताना हसत होती. कोण आहे, का करतो आहे हे कळलं नव्हतं, पण त्या अनोळखी माणसाबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही उरलं नव्हतं. ‘वेचक’मध्ये नाव न घेता मी एक ओळ छापली. ‘केवणीच्या एका घराला त्यांचा हरवलेला आवाज परत करणाऱ्या ऐकणारीचे आभार.’ हा मजकूरही मी मुख्यतः त्या आभारांसाठीच लिहितो आहे. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्यावं.

विनिताने हळदीला आणि मांडवाला होकार दिला. वैशाखातली तारीख धरली. काकी रोज येऊ लागली. ती आईच्याही ओळी शिकत होती, म्हणजे हळदीला दोन्ही बाजू तिनेच गायच्या असं ठरलं.

हळदीची क्लिप हळदीच्या आदल्या आठवड्यात आली.

ती मी कार्यालयात दुपारच्या जेवणाच्या वेळेत ऐकली. सुरुवात नेहमीसारखी. आईचा आवाज, मधल्या जागा. या जागांत मागचे आवाज स्पष्ट ऐकू येत. कुठे नारळ फोडला, कुठे कोणी विनिताला ‘नीट बस गो’ म्हणालं. शेवटाकडच्या एका जागेत ट्रेलर रिव्हर्स घेताना वाजते ती धून आली. आमच्या गावाला ती धून नवी नाही. भातशेती होती तिथे आता गोदामं आहेत आणि दिवसभर गाड्या मागे-पुढे होत असतात. धून जवळ येत गेली. एक पुरुष ओरडला, “अरे, गॅस बंद करा!” मग बांबू मोडल्याचा आवाज, एकाचा, मग पुष्कळांचा.

त्यानंतर गाणं नव्हतं. बायकांचा आरडाओरडा होता. आणि अगदी जवळ, ऐकणाऱ्याच्या कानाशी, कोणीतरी एकच अक्षर उच्चारायचा प्रयत्न करत होतं. हवा सुटत होती, अक्षर लागत नव्हतं.

“वि… वि…”

क्लिप तिथे संपली.

ओरडणारा पुरुष मी ओळखला. अनंतामामा, आईचा धाकटा भाऊ. स्वयंपाकाची जबाबदारी त्याच्यावर होती. मी त्याला तेवढाच तुकडा ऐकवला.

“हा मीच,” तो म्हणाला. “पन मी असं बोललो कवा?”

“अजून बोलला नाहीस, मामा.”

त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. “तुला झोप लागते ना रे रातची?”

विनिताला मी काही सांगितलं नाही. सांगायला माझ्याकडे बातमी नव्हती, फक्त एक आवाज होता. मी गोदामाच्या वॉचमनला भेटून हळदीच्या दिवशी आमच्या बाजूने गाड्या घेऊ नका असं सांगितलं. तो हो म्हणाला. रस्त्यावर दोन पिंपं आडवी ठेवली.

हळदीच्या दिवशी ऊन उतरायला लागल्यावर पाहुणे जमले. मांडवाचा रस्त्याकडचा कोपरा मुहूर्तमेढीचा. तिथे पाट मांडला होता, शेजारी आईची खुर्ची, पलीकडे चंद्राकाकी. मांडवाच्या त्याच टोकाला मामाने गॅसची शेगडी लावली होती.

मी म्हणालो, पाट ओटीवर घ्या. शेगडी परसात न्या.

“येरा झाला का, डोकं फिरलं का तुजं?” चंद्राकाकी उठूनच उभी राहिली. “मेढीपासून पाट हालवायचा न्हाय. बाकी कुटं पन तुजं ऐकन, हितं न्हाय.”

“काकी, माझ्यासाठी.”

“तुज्यासाठी तुज्या लग्नात. आज पोरीचा दिस हाय.”

बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, पेपरवाल्यांना सगळीकडे अपघातच दिसतात. मामा हसला नाही. तो कढई उचलून परसाकडे निघालासुद्धा.

विनिता माझ्या तोंडाकडे बघत होती. पिवळी साडी, हातात सुपारी.

“काकी,” ती म्हणाली, “पाट राहू दे तिथंच. मेढ पण राहू दे. मीच उठते.”

ती उठून ओटीवर गेली. नवरी उठल्यावर बायकांना उठणं भाग होतं. मी आईची खुर्ची उचलून ओटीवर नेली. काकी बडबडत मागून आली. पाट मेढीशेजारी रिकामा राहिला, त्यावर काकीने तांदळाच्या चार मुठी आणि एक नारळ ठेवला, निदान मान तरी राहावा म्हणून.

धवला सुरू झाला.

आईचे ओठ हलत होते.

काकीने ‘भाऊ कुणाल उभा मांडवदारी’ म्हटलं तेव्हा मी खरोखरच दारात उभा होतो, रस्त्याकडे तोंड करून.

नारळ फोडला गेला. कोणीतरी म्हणालं, “नीट बस गो.”

मग धून ऐकू आली.

गाडी आमच्या बाजूने आली नव्हती. पलीकडच्या वळणावर अडकलेला लांब ट्रेलर उलटा फिरत होता. पिंपं त्याच्या मागच्या चाकाखाली दबली तेव्हा फारसा आवाज झाला नाही.

मी ओरडलो असेन. मला फक्त मामाचं ओरडणं आठवतं, परसातून धावत येताना.

“अरे, गॅस बंद करा!”

मेढ मोडली. मग एकामागून एक बांबू. रस्त्याकडचा अर्धा मांडव खाली बसला.

धूळ खाली आल्यावर ट्रेलरचं मागचं टोक दिसलं. ते पाटावर थांबलं होतं. नारळाच्या कवट्या झाल्या होत्या.

कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

ड्रायव्हर खाली उतरला, हात जोडलेले, घामाघूम. मामाने त्याची कॉलर धरली. मी सोडवली आणि विचारलं, थांबलास कसा? तसाच आत येत राहिला असता तर गाडी ओटीवरच होती.

“शीशे में दिखा, भाईसाब. इधर कोई बैठी थी, इसलिए ब्रेक मारा.”

“कोण?”

“बूढ़ी अम्मा. अकेली. पाट के पास.”

आई ओटीवर होती. विनिताच्या मागे, माझ्या डोळ्यांसमोर. मी ड्रायव्हरला प्रश्न बदलून बदलून विचारला. उत्तर बदललं नाही.

चंद्राकाकीने तोवर स्वतःला सावरलं होतं. तिने पदराने तोंड पुसलं, आईच्या उजव्या हाताला जाऊन बसली आणि अर्धवट राहिलेली ओळ पुन्हा घेतली. उरलेल्या अर्ध्या मांडवासमोर विनिताला हळद लागली. दुसऱ्या दिवशी लग्न झालं. वरात निघताना काकी माझ्यापाशी येऊन म्हणाली, “ती कोन हाय ती, तिला लुगडं नेसवायला पायजे होतं.”

मी ‘ऐकणारी’ला लिहिलं. माझी बहीण तुमच्यामुळे सुखरूप आहे, आमचं घर तुमचं ऋणी आहे. या वेळी मी नाव विचारलं नाही.

लग्नाची गडबड ओसरल्यावर मी सगळ्या क्लिप एकदा कानाला हेडफोन लावून ऐकल्या. आईचा धवला आता मला पाठ होता, त्यामुळे कान त्याच्या मागे जाऊ शकले. प्रत्येक क्लिपमध्ये, गाण्याखाली, भांड्यांच्या आवाजाखाली, एक श्वास आहे. नाकाने आत जातो. बाहेर येताना ओठाच्या एकाच कोपऱ्यातून फुर्र होतो. असा श्वास मी रोज ऐकतो. आई दुपारी झोपते तेव्हा तिचा उजवा गाल तसाच फुगून खाली बसतो.

आईने कधी संगणकाला हात लावलेला नाही. घरातला संगणक माझ्या खोलीत असतो, माळ्यावर, आणि ती जिना चढू शकत नाही.

हे मी कोणाला सांगितलं नाही. भीती वाटली असं म्हणणं खोटं ठरेल. मी खाली जाऊन तिच्या पायांशी बसलो. तिने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

जूनच्या सुरुवातीला ‘ऐकणारी’ची नवी लिंक आली. तीत धवला नाही, मांडव नाही. आमच्या ओटीवरचा पंखा आहे, त्याच्या पात्याची खटखट मी ओळखतो. तो श्वास आहे, आणि कोणीतरी टाइप करतं आहे. सलग, न थांबता, सराव असलेल्या हाताने. क्लिपच्या मध्यावर श्वास आत जातो. बाहेर येत नाही. टाइप करणारी बोटं चालूच राहतात.

तिथे मी ती थांबवली. पुढे ऐकलेली नाही.

हळदीच्या क्लिपमधून मी एक गोष्ट शिकलो होतो, पाट हलला नाही तरी माणूस हलवता येतो. मी घरात टाइप करणं बंद केलं. हा मजकूरसुद्धा कार्यालयात बसून, कागदावर पेनाने लिहितो आहे. रामनाथ हसतो. शिवाय एका गोष्टीचा मला आधार वाटत होता. क्लिपमधल्या कळांचा आवाज मऊ आहे. माझा जुना कीबोर्ड खडखडतो, स्पेसची लांब कळ तर शेजारच्या घरात ऐकू जाते. ते टाइप करणं आमच्या घरातलं नव्हतं.

गेल्या रविवारी विनिता आणि सार्थक आले. विनिताने आईला जेवू घातलं, वेणी घातली. निघताना सार्थकने गाडीतून एक खोका आणला आणि ओटीवर, आईच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला.

“दादा, नाय म्हणायचं नाय,” विनिता म्हणाली. “तू त्या दिवशी मला उठवलंस. तुझ्यासाठी आम्ही काय करणार? एवढं तरी घे.”

आत लॅपटॉप आहे. मी आभार मानले. खोका उघडलेला नाही.

तो मी माळ्यावर ठेवायला उचलला की आई मान हलवते, म्हणून तिथेच राहिला आहे. दुपारी घर शांत असतं. पंखा चालू असतो. आई खुर्चीत बसून डावा हात खोक्यावर ठेवते आणि तिची बोटं पुठ्ठ्यावर चालत राहतात, सलग, न थांबता. आवाज मऊ येतो. मी जेवायला घरी जातो तेव्हा समोर बसून तिचा श्वास ऐकतो.